शेंग, बाटली आणि बांधावरचा आंबा

बियापासून आमरी, म्हणजे ऑर्किड, वाढवायची तर तिची शेंग कधी उतरवायची, हा पहिला निर्णय आणि सगळ्यांत अवघडही. घाई केली तर आत नुसते ओलसर पांढरे धागे निघतात, बी भरलेलं नसतं. फार थांबलं तर एखाद्या सकाळी शेंगेला उभ्या भेगा पडलेल्या दिसतात आणि आतली फिकट पिवळी भुकटी रात्रीच वाऱ्याबरोबर निघून गेलेली असते. या दोन टोकांच्या मधे काही आठवड्यांची मुदत मिळते. तेव्हा शेंग अजून हिरवी आणि बंद असते, पण तिच्या उभ्या शिरा किंचित पिवळटायला लागतात आणि बोटांनी हलकं दाबलं तर आधीचा ताठरपणा जाणवत नाही. किती महिने झाले याचा हिशेब मी चिठ्ठीवर ठेवते, पण शेंग हातात घेतल्याशिवाय कात्री लावत नाही.

पवनानगरला आमचं गुलाबाचं पॉलिहाउस आहे. पवन मावळात यात काही नवल नाही. तिकोना आणि तुंग या गडांच्या परिसरात, पवना धरणाच्या अवतीभोवती, भाताच्या खाचरांना लागून पांढऱ्या प्लॅस्टिकच्या छपरांच्या रांगा दिसतात. त्यांतला ‘टॉप सीक्रेट’ हा लाल गुलाब व्हॅलेंटाइन डेसाठी परदेशी जातो. लग्नाआधी मी पुण्यात एका टिश्यू कल्चर प्रयोगशाळेत होते. डोक्याला टोपी, तोंडाला मास्क लावून गाळलेल्या हवेच्या लॅमिनार कपाटासमोर बसायचं आणि चिमटा-ब्लेडनं जरबेराचे कोंब एका बाटलीतून दुसऱ्या बाटलीत बदलायचे, हे माझं काम. पुणे या विद्येचं जुनं ठिकाण आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, बांबूच्या रोपांना बाटलीतच फुलं आणली गेली आणि त्यावरचा शोधनिबंध १९९० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आला. रानात ज्या बांबूला फुलायला दशकं लागतात त्याची ही गोष्ट. आमच्या प्रयोगशाळेतल्या मुली ती एकमेकींना अभिमानानं सांगायच्या. त्या नोकरीनं मला दोन गोष्टी दिल्या: स्थिर हात, आणि स्वच्छतेची अंगात मुरलेली शिस्त. त्या दोन्ही पुढे घरच्या स्वयंपाकघरात उपयोगी पडतील असं तेव्हा वाटलं नव्हतं.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि घाट चढून मावळात शिरलं. पॉलिहाउसांचे कागद फाटले, लोखंडी सांगाडे वाकले, जुनी झाडं उन्मळून पडली. आमच्या बांधावरच्या आंब्याची एक जाड फांदी मोडून खाचरात आली. तिच्यावर सीतेची वेणी या आमरीचे जुने ठोंब होते, आणि ते फुलावर होते. पांढऱ्या पाकळ्यांवर जांभळे-गुलाबी ठिपके, हातभर लांबीचे लोंबते तुरे, सगळे चिखलात. पोरं फांदी तोडून सरपणाला न्यायला लागली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “आगं, ती वेणी हाय. टाकू नका. आमच्या टायमाला पोरी केसांत माळायच्या.” हेच फूल आसामात कपौ फूल म्हणून ओळखलं जातं, बिहूच्या नाचात मुली ते अंबाड्यावर लावतात आणि त्या राज्याचं ते राज्यफूल आहे. आमच्याकडे मात्र झाडावर वाढणाऱ्या कशालाही बांडगूळ म्हणून काढून टाकायची सवय आहे. वेणी झाडाचा रस पीत नाही. ती सालीला मुळांनी धरून राहते, आणि पावसाचं पाणी व सालीवर साठलेला पालापाचोळा यांवर जगते. आम्ही ते ठोंब सालीसकट सोडवले आणि विहिरीजवळच्या जांभळाला सुतळीनं बांधले. बहुतेक तगले.

पुढच्या ज्येष्ठात जांभळावरचे ठोंब फुलले आणि आंब्याच्या उरलेल्या फांद्यांवरचेही. त्या वर्षी पहिल्यांदा मी परागणाला हात घातला.

आमरीचे पराग सुटे नसतात. ते दोन घट्ट पिवळ्या गोळ्यांत बांधलेले असतात आणि त्या गोळ्यांना एक चिकट देठ असतो. फुलाच्या मध्यभागी छोटा स्तंभ असतो. त्याच्या टोकावरची बारीक टोपी टूथपिकनं उचलली की गोळ्या टूथपिकला चिकटून बाहेर येतात. स्तंभाच्या खालच्या अंगाला एक ओलसर खळगा असतो. दुसऱ्या ठोंबावरच्या फुलाच्या त्या खळग्यात गोळ्या टेकवल्या की काम झालं. मी आंब्यावरच्या फुलाचे पराग जांभळावरच्या फुलाला लावते आणि उलटही, म्हणजे एकाच ठोंबाचं बी त्याच ठोंबात घोटाळत राहत नाही. एका तुऱ्यात शंभरावर फुलं असली तरी मी हात दोन-तीन फुलांनाच लावते, कारण शेंग पोसायला ठोंबाची ताकद खर्च होते आणि लोभ केला तर पुढच्या वर्षीचा तुरा आखूड येतो. हात लावलेल्या फुलाच्या देठाला रंगीत दोरा बांधायचा आणि चिठ्ठीवर तारीख लिहायची.

एक-दोन दिवसांत ते फूल मान टाकतं, आणि मग देठ जाड व्हायला लागतो. या देठात जे चाललेलं असतं ते मला आजही विलक्षण वाटतं. बहुतेक फुलांत बीजांडं आधीच तयार असतात आणि परागाची वाट बघत असतात. आमरीत मात्र पराग पोचल्यावरच बीजांडं घडायला सुरुवात होते आणि प्रत्यक्ष फलनाला कित्येक आठवडे, काही जातींत महिने जातात. म्हणून शेंगेला वेळ लागतो. बाजारात मिळणाऱ्या संकरित डेंड्रोबियमची शेंग तीन-चार महिन्यांत काढता येते, फॅलेनॉप्सिसची चार ते सहा महिन्यांत. आमच्या वेणीची, ज्येष्ठात धरलेली शेंग पौष-माघात उतरवण्याजोगी होते. सगळा पावसाळा ती झाडावर भिजते, दिवाळीनंतरचं ऊन खाते आणि थंडीत भरते.

आमरीचं बी डोळ्यांना बी म्हणून दिसत नाही. एका बियाचं वजन मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागांत मोजावं लागतं. डार्विननं १८६२ मध्ये आमरींच्या परागणावर ग्रंथ लिहिला. त्यात त्यानं विलायतेतल्या एका साध्या रानटी आमरीच्या एका शेंगेत ६,२०० च्या आसपास बिया धरून एका झाडाला १,८६,३०० चा हिशेब मांडला, आणि दाखवून दिलं की त्या सगळ्या रुजल्या तर त्या एका झाडाची पणतवंडं पृथ्वीवरची जवळजवळ सगळी जमीन व्यापतील. झाडावर वाढणाऱ्या कित्येक जातींच्या शेंगेत याच्या अनेक पटींनी जास्त, लाखांच्या घरात बिया असतात. तरी रानात नवं रोप क्वचित दिसतं. भाताच्या दाण्यात कोंबाला पुरेल इतकं पिष्ट साठवलेलं असतं. आमरीच्या बियात तसा साठाच नाही. काही पेशींचा गर्भ आणि त्याभोवती जाळीदार पातळ साल, एवढंच ते बी. वाऱ्यावर दूर जाण्यासाठी त्यानं सगळं वजन सोडून दिलेलं असतं आणि मग जगण्यासाठी त्याला दुसऱ्याची गरज पडते.

हा दुसरा कोण, ते १८९९ मध्ये नोएल बर्नार या तरुण फ्रेंच शास्त्रज्ञानं ओळखलं. रुजणाऱ्या बियांमध्ये त्याला बुरशीचे धागे सापडले. सालीतली, मातीतली ही बुरशी बियात शिरते आणि बी तिच्याकडून अन्न घेतं. योग्य बुरशी भेटली तर रोप, नाहीतर धूळ. त्याआधी युरोपातले माळी आईच्या कुंडीतच, तिच्या मुळांशी बी भुरभुरायचे आणि नशिबावर सोडायचे. जॉन डॉमिनी या इंग्रज माळ्यानं त्याच रीतीनं वाढवलेली पहिली संकरित आमरी १८५६ मध्ये फुलली. मग १९२२ मध्ये अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या लुइस नूडसननं दाखवलं, की निर्जंतुक बाटलीत क्षार आणि साखर थेट मिळाली तर बी बुरशीशिवायही रुजतं. घरच्या बाटल्यांत मी जे करते ते त्याच शोधावर उभं आहे. पुढे त्यानं सुधारून दिलेलं ‘नूडसन सी’ हे माध्यम आजही पुडीत तयार मिळतं आणि मी तेच वापरते.

माध्यम करायला स्वयंपाकघर पुरतं. लिटरभर पाण्याला पुडीवर लिहिलेल्या मापानं क्षार, २० ग्रॅम साखर, घट्टपणासाठी ७-८ ग्रॅम अगर. किराणा दुकानात चायना ग्रास म्हणून मिळतो तो अगरच, पण त्याची प्रत दर वेळी बदलते, म्हणून मी प्रयोगशाळेच्या प्रतीचा मागवते. त्यात शंभर-दीडशे मिलिलिटर शहाळ्याचं पाणी घालते. १९४१ मध्ये शास्त्रज्ञांनी धोतऱ्याचे अगदी कोवळे गर्भ नारळाच्या पाण्यावर वाढवून दाखवले, तेव्हापासून हे पाणी प्रयोगशाळांत मानानं वापरलं जातं. त्यात पेशींचं विभाजन वाढवणारी द्रव्यं असतात. पुढच्या टप्प्याच्या बाटल्यांत पिकलेलं केळं कुस्करून आणि थोडा सक्रिय कोळसाही जातो. रोपांच्या मुळांतून जे नको ते पाझरतं, ते कोळसा शोषून घेतो. आम्लता पट्टीवर पाहायची, ५.२ ते ५.६ च्या दरम्यान हवी. फार आंबट झालं तर अगर धरत नाही.

हे सगळं उकळून जॅमच्या काचेच्या बाटल्यांत बोटभर ओतायचं, झाकणं सैल ठेवायची, त्यांवर फॉइल गुंडाळायची आणि बाटल्या कुकरमध्ये ठेवायच्या. घरच्या कुकरचं वजन दर चौरस सेंटिमीटरला एक किलोचा दाब धरतं, म्हणजे साधारण १५ पौंड, आणि त्या दाबाला आतली वाफ १२० अंशांच्या आसपास जाते. मोठ्या ऑटोक्लेव्हमध्येही हेच घडतं. पूर्ण दाब आल्यावर मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं ठेवून कुकर आपोआप थंड होऊ द्यायचा. शिटी उचलून वाफ घालवली तर बाटल्यांतलं माध्यम उसळून झाकणापर्यंत येतं आणि तिथूनच पुढे बुरशी शिरते. ब्लेड, चिमटा, विसळायचं पाणी हेही फॉइलमध्ये किंवा बाटलीत घालून त्याच कुकरमधून काढायचं.

घरी लॅमिनार नाही. लॅमिनार गाळलेली हवा सतत कामाच्या जागेवरून वाहत ठेवतो. घरी उलट मार्ग घ्यावा लागतो, हवा अजिबात हलू द्यायची नाही. पारदर्शक प्लॅस्टिकचा मोठा खोका आडवा ठेवायचा, हात जाण्यापुरती दोन भोकं पाडायची, आतून जंतुनाशकानं पुसायचा आणि बराच वेळ तसाच राहू द्यायचा. तरंगणारे बुरशीचे कण खाली बसतात. मग हात संथ हलवायचे, उघड्या बाटलीवरून हात न्यायचा नाही, बोलायचं नाही. एक गोष्ट प्रत्येकाला बजावून सांगते: बंद खोक्यात स्पिरिट आणि ज्योत कधीही एकत्र आणायची नाही. वाफ साठते आणि भडका उडतो. प्रयोगशाळेत शेंग स्पिरिटमध्ये बुडवून ज्योतीवर धरतात. घरी मी ती साबणानं आणि मऊ ब्रशनं घासते, हायपोक्लोराइटच्या पाण्यात बुडवून ठेवते आणि खोक्यात निर्जंतुक पाण्यानं विसळते. शेंग बंद असेल तर तिच्या आतलं बी मुळातच निर्जंतुक असतं. हिरव्या शेंगेचा मोठा फायदा हाच. शेंग तडकली असेल तर बी कागदाच्या पुडीत बांधून तेच हायपोक्लोराइटनं धुवावं लागतं, आणि त्यात नाजूक बी मरतंही.

पौष-माघ म्हणजे आमच्या पॉलिहाउसमध्ये काढणीची ऐन धांदल. दिवसभर गुलाब तोडायचे, प्रतवारी करायची, खोके भरून शीतगृहात न्यायचे. म्हणून पेरणी रात्रीची. जेवणं झाली की ओटा पुसते, पंखा बंद, खिडक्या बंद, आणि घरातल्यांना माहीत असतं की आता स्वयंपाकघरात कुणी यायचं नाही. खोक्यात शेंगेचं टोक कापून ती उभी चिरली की आतून रेशमी, दाट, पिवळसर भुकटी उघडी पडते. चिमट्याच्या टोकावर बसेल एवढीच घ्यायची आणि बाटलीत भुरभुरायची, वर निर्जंतुक पाण्याचे चार थेंब टाकून बाटली तिरकी फिरवायची म्हणजे बी सारखं पसरतं. दाट पडलं तर पुढे रोपं एकमेकांना कोंडतात. एका शेंगेत लागतं त्यापेक्षा कितीतरी जास्त बी असतं, त्यामुळे हात आखडता घ्यायला शिकावं लागतं.

यानंतरचे आठ-दहा दिवस बुरशीचे. साखर घातलेलं ओलं माध्यम सगळ्यांनाच आवडतं, आणि बाटलीत शिरलेला एकच कण बियांच्या कितीतरी आधी वाढतो. पांढरी कापसाळ, काळी दाणेदार, हिरवट, आणि सगळ्यांत वाईट ती नारिंगी, जी झाकणाच्या फटीतून बाहेर येऊन शेजारच्या बाटल्याही पकडते. जिवाणू असतील तर दुधाळ चिकट थर दिसतो. अशी बाटली उघडायची नाही. बंदच कुकरमध्ये घालून शिजवायची आणि मग धुवायची. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. आमच्याकडे थोडा कमी, पण आषाढ-श्रावणात भिंती ओल्या, कपडे दमट आणि हवेत बुरशीचे कण कायम. त्या दिवसांत मी बाटली उघडतच नाही. मावळात हे काम करायचं तर मार्गशीर्ष ते फाल्गुन या कोरड्या दिवसांतच, आणि सुदैवानं शेंगही तेव्हाच भरते.

ज्या बाटल्या स्वच्छ राहतात त्यांत काही आठवडे काहीच घडत नाही असं वाटतं. मग भुकटीला फिकट हिरवी झाक येते. बी फुगून गोल हिरवा मणी होतो, त्याला प्रोटोकॉर्म म्हणतात. त्यावर बारीक लव येते, टोकाला एक पान फुटतं, मग दुसरं. पाच-सहा महिन्यांत मुळं दिसतात. मग पावसाळा सरून हवा कोरडी झाली की दाट वाढलेली रोपं दुसऱ्या बाटलीत विरळ मांडावी लागतात. आमच्याकडच्या कुणालाही हे समजावताना मी भातलावणीच सांगते: दाट वाफ्यातलं रोप उपटून खाचरात अंतरानं लावायचं, तेच इथे चिमट्यानं. बाटल्या ट्यूबलाइटखाली फळीवर असतात, थेट ऊन त्यांना चालत नाही, काचेत उष्णता कोंडून रोपं शिजतात.

प्रयोगशाळेत मी वर्षानुवर्षं एकसारखी रोपं पाहिली होती. जॉर्ज मोरेलनं १९६० मध्ये आमरीच्या शेंड्यातल्या सूक्ष्म पेशींपासून हुबेहूब रोपं करण्याची वाट दाखवली, आणि जगभरचा फुलांचा व्यापार त्या वाटेनं गेला. व्यापाराला तेच हवं असतं, प्रत्येक फूल ठरल्या रंगाचं, ठरल्या दिवशी. बियापासून आलेल्या बाटलीत तसं नसतं. एकाच शेंगेतलं एक रोप झपाट्यानं वाढतं, एक रुंद पानाचं होतं, एक मुळं आधी काढतं, एक महिनाभर मणीच राहतं. सुरुवातीला माझा हात सवयीनं मागे पडलेली रोपं वेगळी काढायला जायचा. आता मी ती ठेवते. उद्या ही रोपं झाडावर जाणार असतील, तर कोणतं वर्ष कोरडं जाईल, कोणत्या सालीवर काय टिकेल, हे आज माझ्या फळीवर ठरवता येत नाही. आंबा आणि जांभूळ यांच्यावरच्या दोन ठोंबांतून जितकी विविधता पुढे जाऊ शकते तितकी जाऊ द्यावी, यासाठीच तर मी क्लोन न करता बी पेरते.

वर्षभरानं, होळीच्या सुमाराला, रोपं बाटलीतून बाहेर काढायची. कोमट पाण्यात मुळांना चिकटलेला अगर पूर्ण धुवायचा, कारण त्यातल्या साखरेचा कण राहिला तरी मूळ कुजतं. सौम्य बुरशीनाशकात बुडवून रोपं नारळाच्या सोडणाचे बारीक तुकडे आणि लाकडी कोळसा यांच्या मिश्रणात, एका ट्रेमध्ये दाटीनं लावायची. बाटलीत शंभर टक्के दमट हवेत वाढलेल्या पानांना बाहेरची हवा सोसत नाही, त्यांच्यावर मेणाचा थर पुरेसा नसतो. म्हणून पहिले काही आठवडे वरून पारदर्शक झाकण, आणि ते रोज थोडं जास्त वेळ उघडं. गुलाबाच्या पॉलिहाउसचा एक सावलीचा कोपरा यासाठी आमच्या ह्यांनी सोडून दिला आहे. इथेही काही रोपं जातात. गोगलगायी तर एका रात्रीत ट्रे साफ करतात. पण पाऊस येईतो जी नवं मूळ आणि नवं पान काढतात ती टिकतात. नंतर त्यांना पावसाची हवा मानवते.

पहिल्या शेंगेचं बी मी २०२२ च्या हिवाळ्यात पेरलं. त्यातली दणकट झालेली रोपं २०२४ च्या पावसाच्या तोंडावर आंब्यावर बांधली, खडबडीत सालीच्या आणि शेवाळ धरलेल्या जागी, सकाळचं ऊन येतं त्या बाजूला. सुताचा दोरा वापरला, तो वर्षभरात कुजून जातो तोवर मुळं सालीला घट्ट झालेली असतात. त्यांना फूल यायला पेरणीपासून चार-पाच वर्षं, कदाचित जास्तही लागतील. संकरित डेंड्रोबियम दोन-तीन वर्षांत फुलतं आणि त्याच्या रोपांना गिऱ्हाईकही मिळतं, तेही मी करते. पण मनापासून वाट बघते ती वेणीची.

घाटरस्त्यांवर पावसाळी पर्यटकांसाठी झाडावरून ओरबाडून आणलेली आमरी विकायला ठेवलेली मी पाहिली आहे. मुळं तुटलेली, फूल मात्र ताजं. घेणारा ते शहरात नेतो, आणि बाल्कनीत ते पुढचा उन्हाळा काढत नाही. विकणाऱ्याला दोष देऊन भागत नाही, त्याचं पोट त्यावर आहे. पण ज्या ठोंबाला एवढा व्हायला कित्येक वर्षं लागली, त्याची किंमत त्या पैशांत वसूल होत नाही. वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स करारात जगातल्या सगळ्या आमरींचा समावेश आहे. मात्र त्यांतल्या बहुतेक जातींची निर्जंतुक बाटलीत वाढवलेली रोपं त्या नियंत्रणातून वगळलेली आहेत. मला हा फरक महत्त्वाचा वाटतो. उपटलेलं झाड म्हणजे रानाचं नुकसान, आणि बाटलीतलं रोप हा त्यावरचा उपाय, हे तिथे मान्य केलेलं आहे. मी स्वतः वनखात्याच्या जंगलातली शेंग आणत नाही. आपल्या बांधावरच्या, आपल्या मालकीच्या झाडावरची तेवढी घेते. तीन शेंगा धरल्या तर एक उतरवते आणि दोन झाडावर तडकू देते. त्यांचं बी वाऱ्यानं कुठे जाईल, कोणत्या सालीवर कोणती बुरशी त्याला भेटेल, ते त्यांचं त्यांनी पाहावं. बाटलीत रोपं मिळतात, पण रानाला स्वतः पेरू देणंही बंद पडता कामा नये.

वनस्पतिशास्त्रज्ञ फादर सांतापाव यांनी खंडाळ्याच्या वनस्पतींवरचा आपला अभ्यास १९५३ मध्ये प्रसिद्ध केला आणि १९६६ मध्ये झेड. कपाडिया यांच्याबरोबर मुंबई भागातल्या आमरींवरचं पुस्तक लिहिलं. पुण्याला गेले की मी ग्रंथालयात असली पुस्तकं मागवून वाचते. आमच्या डोंगरांत कोणत्या जाती होत्या आणि कधी फुलायच्या, हे एवढ्या काळजीनं नोंदवून ठेवलेलं वाचलं की आपल्याकडे किती होतं याचा नीट अंदाज येतो. धरणाच्या काठानं आता तंबू, बंगले, फार्महाउस वाढताहेत. प्लॉट पाडताना सगळ्यांत आधी जातो तो बांधावरचा जुना आंबा, कारण तो जागा अडवतो. त्याच्या जागी नर्सरीतलं झाड लावता येतं, पण चाळीस-पन्नास वर्षांची खडबडीत साल, तिच्यावरचं शेवाळ आणि त्या सालीतली बुरशी लावता येत नाही. माझ्या फळीवर हजार रोपं तयार असली, तरी ती बांधायला तशी साल नसेल तर ती कायम ट्रेमध्येच राहणार. हे काम करायला लागल्यापासून मला ही गोष्ट सगळ्यांत ठळकपणे कळली. शेंग आणि बाटली यांच्यामुळे रानातलं झाड उपटायची गरज संपते. जुनं झाड तोडल्याची भरपाई मात्र कोणत्याही बाटलीतून होत नाही.

आता आजूबाजूच्या वस्त्यांतून रोपं मागायला लोक येतात. आमच्या पॉलिहाउसात काम करणाऱ्या बायकांपैकी दोघी पेरणीही शिकल्या. त्यांचे हात माझ्यापेक्षा संथ चालतात आणि त्यांच्या बाटल्यांत बुरशी कमी लागते. डेंड्रोबियमची रोपं आम्ही विकतो, त्याचे पैसे त्या दोघी वाटून घेतात. वेणीची मात्र विकत नाही. मागणाऱ्याला एकच विचारते, बांधायला झाड कोणतं आहे? कुणी आंबा सांगतं, कुणी जांभूळ, कुणी उंबर. मी जाऊन झाड बघते, सालीला हात लावून जागा दाखवते, पाऊस सुरू होताना पाच रोपं बांधून देते. त्या बदल्यात पैसे घेत नाही. झाड तोडणार नाही, एवढा शब्द घेते.